धर्माच्या गाईचे दात

समितीच्या खोलीत पंखा आहे, वीज नाही.
जनरेटरचं डिझेल पुढच्या हप्त्यात येणार,
असं पत्र आलंय. पत्राचा कागद मात्र जाड, उंची.

मी इथला कारकून. कोण काय बोललं ते उतरवतो.
कोण बोलता बोलता कुठे थांबलं,
ते उतरवायचं नसतं.

राजदूत वेळेवर आले.
बशीत दोन कोलाची फळं ठेवली, ही आमची रीत.
त्यांनी एक उचललं, चावलं,
तोंड जराही वाकडं न करता गिळलं.
चार देशांतली नोकरी अशा वेळी दिसते.

मग कोलू झेझेबाईंनी वही काढली.
शाळकरी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली.

"अहवालात हातपंप बासष्ट.
मी मोटरसायकलवर मागे बसून नऊ दिवस लोफा हिंडले.
एकेचाळीस सापडले.
पाणी सतरांना.
एकाला दांडाच नाही, तिथे एक म्हातारी बकरी बांधते.
बकरीबद्दल माझी तक्रार नाही."

कोणी हसलं नाही. मी मात्र 'बकरी' लिहून खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

परराष्ट्र खात्याचे फ्लोमोसाहेब, आमचेच,
खुर्चीत पुढे सरकले.
बाई, संबंध नाजूक आहेत.
पुढच्या महिन्यात बंदराच्या करारावर सह्या आहेत.
आणि धर्माच्या गाईचे दात
कोणी मोजतं का?

बाई म्हणाल्या,
"गाय धर्माची असती तर नसते मोजले.
हिच्या गळ्यात चिठ्ठी आहे.
वाचता येते मला. कर्ज लिहिलंय,
आणि फेडायचं वर्ष असं, की तेव्हा मी नसेन,
माझी नात असेल.
दूध कुठे जातं तेही लिहिलंय, बारीक अक्षरांत:
दहातले सहा सल्लागारांना,
त्यांच्या गाड्यांना, त्यांच्या विमानांना.
शेण तेवढं आमच्या अंगणात."

'शेण' कसं उतरवावं, मला कळेना.
मी लिहिलं: उर्वरित लाभ.

बाहेर फेरीवाली कसाव्याच्या पाल्याला गिऱ्हाईक हाकारत होती.
भिंतीत गोळ्यांची भोकं आहेत, तीन वेळा रंग दिला तरी
उन्हाची तिरीप आली की वर येतात.

"लढाईत मी गिनीच्या छावणीत होते," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता.
"रांगेत बल्गर वाटायचे, मापाचा डबा माझ्या हातात.
प्रत्येक डब्यामागे अंगठा घ्यायचे तुमचे लोक.
शाई नसली तर काजळीचा.
एक डबा कमी भरला तर रात्री उत्तर मला द्यावं लागे.
तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते,
आणि माझा हिशेब एकदाही चुकला नाही."

त्यांनी पिशवीतून शाईचं पॅड काढलं
आणि टेबलावर ठेवलं. सरकवलं नाही.
फक्त ठेवलं.

राजदूत पॅडकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा आदर आहे,
लेखी उत्तर देऊ.

मी लिहिलं: लेखी उत्तर देतील.
ही ओळ मी यापूर्वीही लिहिली आहे,
हात आपोआप वळतो.

एक सांगायचं राहिलं.
माझा पगारही त्यांच्याच पैशातून येतो,
संसद सक्षमीकरण, घटक तिसरा.
हे पेन, ही वही, मी बसलोय ते स्टूल.
म्हणजे गाईचा एक दात मी आहे,
किडका की धडका, बाईंनी अजून पाहिलेलं नाही.

सगळे गेल्यावर बशीत उरलेलं फळ मी उचललं.
कोला आधी कडू, मग त्यावर पाणी प्यालं
की पाणी गोड लागतं, लहानपणापासून माहीत.
पिशवीतलं, विकतचं पाणी होतं.
गोड लागलं.

इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर
एकेचाळीस हा आकडा मी शिसपेन्सिलीने लिहिला होता.
तो शाईने गिरवला.